हुबेहूब मुखवट्यांचा पेच : ला हुंटाचे कोशारे स्काउट आणि झुनींचा शालको

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात, ला हुंटा नावाचे एक रेल्वेगाव आहे. १९५३ साली या गावातील बॉय स्काउटांच्या कोशारे नावाच्या एका पथकाने न्यू मेक्सिकोतील झुनी या आदिवासी जमातीच्या शालको या विधीतील मुखवटाधारी आकृती तयार केल्या आणि त्यांचा नाच आपल्या कार्यक्रमात बसवला. बातमी झुनींपर्यंत पोचली तेव्हा तेथील जाणत्यांनी हरकत घेतली. पथकप्रमुखांनी त्यांना प्रत्यक्ष येऊन पाहण्याचे निमंत्रण दिले, त्याप्रमाणे त्यांचे प्रतिनिधी आले आणि त्यांनी तो नाच पाहिला. आपल्या विधीची येथे थट्टा चालली आहे किंवा मुलांना काही येत नाही, असे ते म्हणतील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. त्यांचा निष्कर्ष वेगळाच निघाला. हे मुखवटे खरे आहेत, असे त्यांनी ठरवले, आणि ते खरे असल्यामुळे ते ला हुंटात राहू शकत नाहीत, असेही ठरवले. मुलांनी खपून केलेले मुखवटे झुनींच्या स्वाधीन झाले.

स्काउटिंगमधील समारंभ आणि नृत्यस्पर्धा यांचा इतिहास अभ्यासताना हे एक प्रकरण नीट उलगडून पाहण्याजोगे आहे, कारण परंपरेच्या नकलेवरून होणारे बहुतेक वाद नक्कल बिघडल्यामुळे पेटतात आणि येथे मात्र ती साधल्यामुळे पेच उभा राहिला. त्या मुलांनी आळस केला असता, बाजारातून रंगीत पिसे आणून कागदी मुखवटे चिकटवले असते, तर झुनींनी एवढ्या लांबचा प्रवास कदाचित केलाही नसता.

मुळात स्काउट मुले आदिवासींचे नाच शिकू कशी लागली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेतील बॉय स्काउट संघटना १९१० साली स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या धुरीणांपैकी अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी त्याआधीच, १९०२ मध्ये, कनेक्टिकटमध्ये मुलांची ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ नावाची टोळी उभी केली होती. जंगलात राहणारा, मोजके बोलणारा, अंगमेहनतीला न कचरणारा ‘इंडियन’ हा शहरी मुलापुढचा आदर्श, अशी सेटन यांची मांडणी होती, आणि ती स्काउटिंगमध्ये मुरली. पुढे १६ जुलै १९१५ च्या रात्री डेलावेअर नदीतील ट्रेझर आयलंड या बेटावर, फिलाडेल्फियाच्या स्काउटांच्या उन्हाळी शिबिरात, २४ वर्षांचे शिबिरप्रमुख ई. अर्नर गुडमन आणि त्यांचे सहायक कॅरोल एडसन यांनी निवडक शिबिरार्थींच्या गौरवासाठी शेकोटीभोवती एक दीक्षाविधी केला. त्यातून ‘ऑर्डर ऑफ द अ‍ॅरो’ ही स्काउटांची मानाची संस्था उभी राहिली. तिच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात, आणि ‘युनामी’ हे लेनापे या तेथील मूळ आदिवासी लोकांच्या एका शाखेचे नाव घेतलेले लॉज तिचे पहिले लॉज.

बेट लेनापे लोकांच्या जुन्या मुलुखातले होते, म्हणून विधीही लेनापेंच्या नावे रचला गेला. दीक्षेच्या आधीच्या समारंभात चार पात्रे असतात: अलोवट सकिमा हा थोर सरदार, मेतेऊ हा वैदू, नुतिकेत हा पहारेकरी आणि किचकिनेत हा वाटाड्या. उमेदवाराची निवड त्याच्याच पथकातील मुले मतदानाने करतात. निवडलेल्याला एक रात्र उघड्यावर एकट्याने झोपावे लागते, आणि दुसरा दिवस मौन पाळून, अर्धपोटी राहून, शिबिराच्या कामात घालवावा लागतो. ही रचना साधी आणि परिणामकारक आहे, हे मान्य करायला हवे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एक अख्खा दिवस गप्प बसवणे हे कोणत्याही शिक्षकाला हेवा वाटावा असे यश आहे. मात्र ज्या लेनापेंच्या नावाने हे सारे चालले होते ते त्या नदीकाठी जवळपास उरले नव्हते. १७३७ च्या कुप्रसिद्ध ‘वॉकिंग पर्चेस’ व्यवहारात त्यांची जमीन हिरावली गेली, आणि पश्चिमेकडे ढकलले जात त्यांचे वंशज ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन व कॅनडातील ऑन्टॅरिओ येथे पांगले होते.

पुढच्या दशकांत लॉजांची संख्या वाढली, राष्ट्रीय मेळावे विद्यापीठांच्या आवारात भरू लागले आणि जेथे अनेक लॉज एकत्र येतात तेथे चुरस लागणे ओघानेच आले. समारंभाच्या स्पर्धेत चौघांचा संघ परीक्षकांपुढे संपूर्ण विधी सादर करतो. संवाद जुन्या वळणाच्या इंग्रजीत, लांबलचक आणि तोंडपाठ करायचे. पाठांतर, उच्चार, हालचाल, वेशभूषा अशा सगळ्यांचे गुणांकन होते. एकांकिका स्पर्धांच्या तालमी पाहिलेल्या कोणालाही हे वातावरण ओळखीचे वाटेल, कारण विधी म्हणून जे एका उमेदवारासाठी असते, ते स्पर्धेत परीक्षकासाठी होते आणि उमेदवार पाहिजेच असे उरत नाही.

नाचाची स्पर्धा याहून तांत्रिक असते. फॅन्सी डान्स, ग्रास डान्स, स्ट्रेट डान्स, ट्रॅडिशनल अशा शैलींनुसार गट पाडलेले असतात, आणि या शैली आदिवासींच्या पाउवाउ मेळाव्यांतूनच उचललेल्या आहेत. फॅन्सी डान्स विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओक्लाहोमात बहरला. त्यात पाठीवर मानेपाशी एक आणि कमरेपाशी एक, अशी पिसांची दोन चक्रे बांधून नर्तक गिरक्या घेतो. ग्रास डान्समध्ये अंगभर लोकरीच्या किंवा फितीच्या झालरी डोलत असतात. स्ट्रेट डान्समध्ये पिसांची चक्रे नसतात, चाल संथ आणि रुबाबदार असते, आणि पाठीवरून लांब पट्टा लोंबत असतो. या सगळ्यांना सांधणारा एक नियम आहे, आणि तो पाहणाऱ्याच्याही छातीत धडधड निर्माण करतो: ढोल थांबेल त्याच ठोक्यावर पाय थांबला पाहिजे. शेवटचा ठोका पडल्यावर एक पाऊल जास्त पडले किंवा नाचता नाचता एखादे पीस जमिनीवर गळाले, तर त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून पट्टीचा नर्तक गाणे पाठ करतो, ठोके मोजत बसत नाही.

पोशाखाची तपासणी हा वेगळाच परीक्षेचा भाग. गरुडाची पिसे बाळगणे हे अमेरिकेत कायद्याने जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांपुरते मर्यादित आहे, त्यामुळे स्काउट मुले टर्कीची पांढरी पिसे घेऊन त्यांची टोके गडद तपकिरी रंगवतात, म्हणजे ती कोवळ्या सोनेरी गरुडाच्या पिसांसारखी दिसतात. साळिंदराचे राठ केस आणि हरणाचे केस गुंफून डोक्यावरचा तुरा बनवतात. मणीकामाला महिनोन्‌महिने जातात. एका जमातीच्या कमरपट्ट्यावर दुसऱ्या जमातीची नक्षी आली, किंवा शैली एका काळाची आणि साहित्य दुसऱ्या काळाचे असले, तर जाणकार परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही. याच कसोटीने पाहू गेल्यास समारंभांतला विनोद उघडा पडतो: लेनापे हे पूर्वेकडील जंगलांतले लोक, तरी त्यांच्या सरदाराच्या डोक्यावर स्काउटांनी वर्षानुवर्षे पश्चिमेच्या मैदानी जमातींचा पिसांचा टोप चढवला, कारण प्रेक्षकाला ‘इंडियन’ म्हटले की तोच दिसतो. स्पर्धांनी हा ढिसाळपणा बराच कमी केला, हे त्यांचे श्रेय. मुलाला चुकीचे करू नकोस म्हटले की तो पुस्तक उघडतो, संग्रहालयात जातो, जमातीतल्या नर्तकाला गाठतो. पण अशा रीतीने अचूकता हाच एकमेव सद्गुण ठरला, आणि एखादी गोष्ट अचूक करता येते म्हणून ती करावी का, हा प्रश्न गुणपत्रिकेच्या बाहेर राहिला.

ला हुंटाचे कोशारे हे या वातावरणाचे सर्वांत झळाळते फळ. ते ऑर्डर ऑफ द अ‍ॅरोचे लॉज नव्हते, ते एक स्वतंत्र स्काउट पथक होते. पण समारंभ, दर्जाच्या पायऱ्या, स्वतः पोशाख शिवण्याची सक्ती आणि अचूकतेचा ध्यास या सर्व बाबतींत एकाच मुशीतून निघालेले. जेम्स ‘बक’ बरशियर्स या स्काउटमास्तरांनी १९३३ साली काही मुलांना घेऊन ही मंडळी जमवली. नाव घेतले ते पुएब्लो जमातींतील (झुनी ही त्यांपैकीच एक) कोशारे या पवित्र विदूषकांचे, जे अंगावर काळे-पांढरे पट्टे ओढून, डोक्याला मक्याची साले बांधून विधीच्या मधोमध लोकांना हसवतात आणि त्याच वेळी विधीची राखणही करतात. नाच करून मिळालेल्या पैशांतून या मुलांनी चित्रे आणि वस्तू विकत घेतल्या, त्यांचे संग्रहालय झाले, आणि १९४९ साली स्वतःची ‘किवा’ उभी राहिली. किवा म्हणजे पुएब्लो लोकांची धार्मिक विधींची बंदिस्त, बहुधा जमिनीत खोदलेली खोली. कोशारेंची किवा हे मात्र एक भव्य गोल सभागृह होते, ज्याचे छप्पर मधल्या खांबाशिवाय, एकावर एक रचलेल्या ६०० हून अधिक ओंडक्यांवर, सुमारे ६० फुटांचा व्यास तोलून धरते. या प्रकरणाकडे माझे लक्ष पहिल्यांदा वेधले गेले ते या छपरामुळे, हे कबूल करतो. लहान गावातल्या पोरांच्या हौसेतून अशी इमारत उभी राहते, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

१९३३ या सालाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. अमेरिकन सरकारने १८८३ पासून आदिवासींचे अनेक नाच व विधी गुन्ह्यांच्या यादीत घातले होते. १९२१ साली आदिवासी व्यवहार खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी परिपत्रक काढून नाचांना आळा घालण्यास अधिकाऱ्यांना सांगितले, आणि १९२३ च्या पुरवणीत पन्नास वर्षांखालील कोणीही नाचात भाग घेऊ नये, अशी शिफारस जोडली. हे धोरण मागे घेतले गेले ते नवे आयुक्त जॉन कॉलियर यांच्या जानेवारी १९३४ च्या परिपत्रकाने. म्हणजे कोशारेंची गोरी मुले पहिल्यांदा पायात घुंगरू बांधत होती, तेव्हा आपल्याच गावात आपलाच नाच केल्याबद्दल पुएब्लोतल्या त्यांच्या वयाच्या मुलांवर सरकारी वक्रदृष्टी होती. या मुलांचा त्यात काही दोष नव्हता, आणि बरशियर्स यांच्या मनात तिरस्कार असल्याचे काही दिसत नाही, उलट अपार आदरच दिसतो. पण झुनी प्रतिनिधी ला हुंटात आले तेव्हा ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत ताजी असणार, एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

शालको हा झुनींचा हिवाळ्याच्या तोंडावरचा, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या आरंभी होणारा विधी. पावसाच्या देवांचे दूत मानलेल्या सहा शालको आकृती, प्रत्येक सुमारे दहा फूट उंच, गावात येतात. त्यांच्या स्वागतासाठी घरे नव्याने बांधली किंवा सजवली जातात. आकृती आतून एक माणूस पेलतो, चोचीचा टकटक आवाज करतो आणि रात्रभर नाचतो. त्याची तयारी वर्षभर चालते: प्रार्थना पाठ करायच्या असतात, पथ्ये पाळायची असतात. मुखवटा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे; त्याला अन्न द्यावे लागते, योग्य जागी ठेवावे लागते, आणि ज्याला अधिकार नाही त्याने तो हाताळला तर हाताळणाऱ्याला आणि गावालाही बाधा होते, अशी श्रद्धा आहे.

जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजायला जड जाऊ नये. तेथे देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगे निघतात, लोक त्या मुखवट्याला ओवाळतात, आणि आतला माणूस कालपर्यंत शेजारच्या पाड्यावर शेती करत होता हे सर्वांना ठाऊक असूनही त्या रात्री तो तो नसतो. आता कल्पना करावी की दूरच्या एखाद्या शहरातल्या शाळेने, सर्व परिमाणे जुळवून, तेच मुखवटे करून रंगमंचावर आणले. चांगले केले असे म्हणून टाळ्या वाजवायच्या, की त्या मुखवट्यांना आता कोण ओवाळणार, अशी चिंता करायची? झुनींना पडलेला प्रश्न हा दुसरा होता.

त्यामुळेच त्यांचा निर्णय मला विलक्षण तर्कशुद्ध वाटतो. पाश्चात्त्य दृष्टीने वस्तू खरी ठरते ती कोणी आणि कोठे बनवली यावरून. ला हुंटात बनलेला शालको ही व्याख्येनेच प्रतिकृती. झुनी दृष्टीने रूप, प्रमाण आणि अवयव बिनचूक जुळले, त्याला अंगावर घेऊन नाचले गेले, तर बनवणाऱ्याचा पत्ता गौण होतो. ती आता एक जबाबदारी झाली आणि ती सांभाळण्याचे ज्ञान फक्त झुनींपाशी आहे. म्हणून ‘तुम्ही आमची नक्कल केलीत’ अशी तक्रार न करता ‘हे आमचे आहेत’ असा दावा त्यांनी केला. प्रतिनिधींनी मुखवटे नष्ट करण्याचा आग्रह धरला असता तर ते अपमान मानून सूड घेत आहेत असे म्हणता आले असते. त्यांनी ते घरी नेले.

बरशियर्स यांच्यापुढे तेव्हा कोणते पर्याय होते? कायदा त्यांच्या बाजूने होता, कारण स्वतःच्या हातांनी केलेली वस्तू देण्यास कोणी भाग पाडू शकत नव्हते. ते कार्यक्रम रेटू शकले असते. नाव बदलून, थोडे फेरफार करून, ‘हा शालको नव्हे’ असे म्हणू शकले असते. अशी पळवाट आयोजकांना फार लवकर सुचते. झुनींना बोलावून त्यांच्यापुढेच नाच करणे हा धोका त्यांनी पत्करला, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर तो पाळला. यात त्यांचा मोठेपणा आहे. त्याचबरोबर हेही दिसते की बोलावण्यामागे मान्यता मिळेल ही आशा होती: इतके अचूक केले आहे, पाहिल्यावर यांची खात्री पटेल. खात्री पटलीच, मात्र त्यातून निघालेला अर्थ उलटा होता. विचारणा हवी होती ती लाकूड तासायला घेण्याआधी, आणि अचूकतेला वाहिलेल्या त्या वातावरणात परवानगी ही पायरी कोणाच्या डोक्यात आली नाही, ही या प्रकरणातील खरी चूक.

झुनींनी ही भूमिका पुढेही सोडली नाही. अहायूदा नावाच्या त्यांच्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती डोंगरावरच्या देवस्थानांत उघड्यावर ठेवतात आणि त्या ऊनपावसात झिजून मातीत मिळाव्यात अशी अपेक्षा असते. अशा कितीतरी मूर्ती संग्रहालयांत पोचल्या होत्या. १९७८ पासून झुनींनी त्या परत मागायला सुरुवात केली, आणि कोलोरॅडोतच असलेल्या डेन्व्हर कला संग्रहालयाने १९८० साली त्या परत केल्या. युक्तिवाद तोच होता: या वस्तू साऱ्या समाजाच्या आहेत, कोणा एकाला त्या विकता वा देता येत नाहीत, म्हणून बाहेर गेलेली प्रत्येक मूर्ती चोरीचीच. १९९० साली संघराज्याने अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा केला, तेव्हा या विचाराला कायद्याचे बळ मिळाले. ला हुंटातील हस्तांतर त्याआधी जवळपास चार दशके, कायद्याशिवाय, निव्वळ बोलण्यातून घडले होते.

त्यातून कोशारेंनी शालको सोडला, नाच सोडला नाही. हिवाळी रात्रींचे कार्यक्रम आणि उन्हाळी खेळ दशकानुदशके चालू राहिले, पिढ्या बदलल्या, १९८७ साली बरशियर्स वारले. एका वस्तूविषयीची तडजोड झाली की आयोजक तो विषय मिटला असे समजतो. हरकत मात्र वस्तूपुरती नव्हती. २०१५ साली होपी या दुसऱ्या एका पुएब्लो जमातीच्या सांस्कृतिक जतन कार्यालयाने त्यांना नाच थांबवण्याची विनंती केली, आणि त्या वर्षीचे हिवाळी नाच रद्द झाले. या वेळी गाडीत घालून नेण्याजोगे काही नव्हते. मुखवटा सोपवता येतो. मुलांच्या पायांत बसलेला नाच कोणाच्या हवाली करणार?

ऑर्डर ऑफ द अ‍ॅरोतही अशीच, पण संथ, हालचाल झाली. लहान मुलांच्या कब स्काउट गटातून मोठ्या पथकात प्रवेश करण्याच्या समारंभाला लॉजांचे समारंभ-संघ पिसे-मणी लेवून जात असत, आणि लॉजांच्या दृष्टीने तीच त्यांची सर्वांत मोठी जाहिरात होती. १ जानेवारी २०१९ पासून संस्थेने या समारंभांत आदिवासी पोशाख आणि विषय वापरणे बंद केले आणि स्काउट गणवेशात करायच्या नव्या संहिता दिल्या. जुन्या सदस्यांची कुरकुर समजण्यासारखी आहे: ज्याने दोन हिवाळे घालवून मणीकाम केले त्याला खाकी सदरा घालून समारंभ करायला सांगणे कठीणच. तरी गुडमन यांनी बेटावर जे योजले होते, ते मौन, ते काम, ती एकट्याची रात्र, यांपैकी कशालाही टर्कीच्या पिसांची गरज लागत नाही.

ला हुंटाचे संग्रहालय आणि ते ओंडक्यांचे छप्पर अजून तेथेच, गावच्या महाविद्यालयाच्या आवारात, उभे आहे. चित्रे, भांडी, मणीकाम पाहायला लोक जातात. शालकोचे मुखवटे तेथे नाहीत.